क्रौर्याला नाव देताना

शालेय व्याकरणाच्या पुस्तकात ‘क्रूर’ या शब्दापुढे निर्दय, निष्ठुर, कठोर असे समानार्थी शब्द दिलेले असतात. परीक्षेपुरते ते पुरेसे आहे. रोजच्या बोलण्यात मात्र मराठी माणूस हे शब्द एकमेकांच्या जागी वापरत नाही. कठोर शिक्षकाबद्दल विद्यार्थी पुढे आयुष्यभर आदराने बोलतात, क्रूर शिक्षकाबद्दल कोणी तसे बोलत नाही. नियती निष्ठुर असते, खून निर्घृण असतो, मारहाण अमानुष असते, राजवट जुलमी असते, अटी जाचक असतात आणि दुसऱ्याच्या दुःखातून मिळणारा आनंद आसुरी असतो. ‘जाचक खून’ किंवा ‘निर्घृण अटी’ असे कोणी म्हणणार नाही.

एवढे शब्द भाषेत उगीच जमलेले नाहीत. क्रौर्य कोणी केले, कोणावर केले, कोणत्या वृत्तीने केले आणि सोसणाऱ्याला ते कुठे लागले, यांपैकी एकेक अंग एकेका शब्दाने धरून ठेवले आहे. ते अंग ओळखले की शब्द नेमका वापरता येतो. क्रौर्याच्या बाबतीत हा नेमकेपणा फार मोलाचा आहे, कारण तक्रार, बातमी, कायदा आणि न्याय या साऱ्यांची सुरुवात घडलेल्या गोष्टीला योग्य नाव देण्यापासून होते.

क्रूर : रक्तामांसाचा शब्द

‘क्रूर’ हा शब्द वेदकाळापासून चालत आला आहे. तिथे त्याचा अर्थ स्वभावाशी जोडलेला नव्हता. ओली जखम, सांडलेले रक्त, कच्चे मांस असा त्याचा मूळ परिसर होता. याच कुळातला ‘क्रव्य’ म्हणजे कच्चे मांस. ‘क्रव्याद’ म्हणजे ते खाणारा. प्रेत जाळणाऱ्या अग्नीलाही ऋग्वेदात क्रव्याद म्हटले आहे. दूरच्या नात्यातल्या लॅटिन भाषेत ‘क्रुओर’ म्हणजे सांडलेले रक्त आणि ‘क्रूडस’ म्हणजे कच्चे. त्याच घराण्यातून इंग्रजीतले ‘क्रुएल’ आणि ‘क्रूड’ हे शब्द आले. मराठीतला क्रूर आणि इंग्रजीतला क्रुएल यांचा आवाज सारखा वाटतो तो योगायोगाने नव्हे, दोघांचे मूळ एकच आहे.

जखमेचे नाव पुढे जखम करणाऱ्याला चिकटले. रक्त सांडणारा, रक्त पाहूनही न हलणारा तो क्रूर झाला. आज ‘क्रूर’ म्हणताना आपल्याला कर्त्याचा स्वभाव दिसतो, शब्दाच्या पोटात मात्र सोसणाऱ्याची उघडी जखम आहे.

ज्योतिषाने हा शब्द वेगळ्या वाटेने घराघरात नेला. रवी, मंगळ, शनी, राहू, केतू यांना क्रूर ग्रह म्हणतात. मुहूर्तशास्त्रात भरणी, मघा आणि तिन्ही पूर्वा ही नक्षत्रे उग्र किंवा क्रूर गटात धरली जातात. इथे क्रूर म्हणजे शुभकार्याला प्रतिकूल, तापदायक. दुसऱ्याला मुद्दाम दुखावण्याचा हेतू या अर्थात नाही.

पुराणकथेत ‘अक्रूर’ हे नावच आहे. कंसाच्या सांगण्यावरून कृष्ण-बलरामांना मथुरेला न्यायला गोकुळात आलेला हा यादव. भागवताच्या दशम स्कंधात गोपी त्याच्या नावावर आक्षेप घेतात. आमच्यापासून कृष्ण हिरावून नेणाऱ्याला अक्रूर म्हणायचे तरी कसे, असा त्यांचा प्रश्न आहे. अक्रूर स्वतः भक्त आहे, त्याने कोणाला इजा केलेली नाही. तरीही ज्याच्या हातून वियोग घडतो तो सोसणाऱ्याला क्रूरच वाटतो, ही जाण त्या प्रसंगात आहे.

नामाबद्दल एक सूचना इथेच करायला हवी. क्रूर या विशेषणापासून क्रूरता, क्रूरपणा आणि क्रौर्य ही तीन भाववाचक नामे होतात. ‘क्रौर्यता’ हे रूप चुकीचे आहे, कारण क्रौर्य हेच भाववाचक नाम आहे, त्याला पुन्हा ‘ता’ लागत नाही. ‘निर्दयी’ हे रूप बोलण्यात रूढ आहे, पण ‘निर्दय’ हे मुळातच विशेषण असल्याने त्याला ‘ई’ची गरज नाही.

कठीणपणाचे शब्द : कठोर, निष्ठुर, निबर

अमरसिंहाच्या अमरकोशात क्रूर हा शब्द दोन वेगळ्या याद्यांमध्ये आढळतो. एका ठिकाणी त्याचे सोबती नृशंस, घातुक आणि पाप असे आहेत. ही घात करणाऱ्या माणसांची यादी. दुसऱ्या ठिकाणी तो कठिन, कठोर, निष्ठुर, दृढ यांच्या रांगेत उभा आहे. ही टणक वस्तूंच्या गुणांची यादी. शालेय पुस्तकातली समानार्थी शब्दांची जोडणी या दुसऱ्या यादीशी जुळते.

टणकपणा हा गुण दगडालाही असतो आणि माणसाच्या निश्चयालाही. म्हणून कठोर या शब्दात निंदा असेलच असे नाही. कठोर परिश्रम, कठोर व्रत, कठोर शिस्त हे प्रयोग गौरवाचे आहेत. तुकोबांनी विष्णुदासांचे वर्णन करताना मेणाचा मऊपणा आणि वज्र भेदणारा कठीणपणा एकाच माणसात नांदवला आहे. अन्यायापुढे कठोर होणे हा संतांच्या लेखी सद्गुण होता. कठोर आणि क्रूर यांतला फरक हेतूत आणि मर्यादेत असतो. कठोरपणाला काही साधायचे असते आणि ते साधले की तो थांबतो. शिक्षा देण्यातच ज्याला समाधान मिळू लागते, त्याच्यासाठी कठोर हा शब्द अपुरा पडतो.

निष्ठुर हा शब्द अमरकोशात कठोर बोलण्यासाठीही येतो, ‘परुष’ या शब्दाच्या जोडीने. मराठीने त्याला आणखी एक छटा दिली. निष्ठुर तो, ज्याच्याकडून मायेची अपेक्षा होती आणि ज्याने माया केली नाही. आई निष्ठुर होते, मुले निष्ठुर निघतात, देव निष्ठुर होतो, नियती निष्ठुर ठरते. अनोळखी दरोडेखोराला आपण निष्ठुर म्हणत नाही, क्रूर म्हणतो. निष्ठुर म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात नात्याचा हक्क असतो आणि तो डावलला गेल्याचे दुःख असते.

‘परुष’ हा शब्द मराठी बोलण्यातून गेला असला, तरी प्राचीन भारतीय कायद्यात त्याला मोठे स्थान होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात वाक्पारुष्य आणि दण्डपारुष्य अशी दोन लागोपाठची प्रकरणे आहेत. पहिल्यात शिवीगाळ, अपमान, धमकी यांचे गुन्हे आणि दंड सांगितले आहेत, दुसऱ्यात अंगाला हात लावण्यापासून मारहाणीपर्यंतचे. शब्दाने केलेली इजा आणि हाताने केलेली इजा या दोन्ही एकाच मूळ शब्दाखाली, एकमेकांच्या शेजारी ठेवल्या होत्या. गीतेच्या सोळाव्या अध्यायातल्या आसुरी संपत्तीच्या यादीतही पारुष्य आहे.

अस्सल मराठी शब्द मात्र ‘निबर’. वेलीवर राहून जून झालेली काकडी किंवा भेंडी निबर होते. माणसाचे मनही तसे निबर होते. निबर मन जन्मतः तसे नसते, ते हळूहळू होते. रोज दुःख पाहणाऱ्या, रोज मार खाणाऱ्या किंवा रोज दुसऱ्याला मारणाऱ्या माणसाचे काय होते, हे या एका शब्दात आहे. त्याच्या पुढची पायरी निर्ढावलेला. त्याला आपण काही वाईट करतो आहोत ही टोचणीही उरत नाही.

ज्याचा अभाव त्याचे नाव : निर्दय आणि निर्घृण

शब्दांचा तिसरा गट नकाराने बनला आहे. निर्दय म्हणजे दया नसलेला. ‘दय्’ या धातूला जुन्या भाषेत वाटून देणे, वाटेकरी होणे असाही अर्थ होता. दुसऱ्याच्या दुःखात वाटेकरी होणे ही दया आणि तो वाटा नाकारणे म्हणजे निर्दयता, असे म्हटले तर ते मुळाला धरून होईल.

निर्घृण या शब्दाची कथा याहून लक्षवेधी आहे. वृत्तपत्रांत खून, हत्या यांच्या आधी तो इतक्या वेळा येतो की वाचकाला त्याचा अर्थ ‘किळसवाणा’, ‘घृणास्पद’ असा वाटू लागतो. मग प्रश्न पडतो की घृणा म्हणजे किळस आणि ‘निर्’ म्हणजे नसलेला, तर निर्घृण म्हणजे किळस नसलेला कसा? याचे उत्तर घृणा या शब्दाच्या जुन्या अर्थात आहे. संस्कृतात घृणेचे मूळ ऊब, उष्णता या अर्थाशी आहे आणि त्यातून ‘दुसऱ्याबद्दल वाटणारी आस्था, करुणा’ हा अर्थ आला. किळस हा अर्थही संस्कृतातच रुजला आणि आज तोच उरला. निर्घृण या शब्दाने मात्र जुना अर्थ जपला आहे. निर्घृण म्हणजे ज्याच्या मनात दुसऱ्यासाठी ऊब नाही असा.

हा शब्द तत्त्वज्ञानाच्या एका मोठ्या वादातही आहे. जगात कोणी सुखात जन्मतो, कोणी हालात. मग जग निर्माण करणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हा आक्षेप वैषम्य आणि नैर्घृण्य या दोन शब्दांत मांडून त्याला उत्तर दिले आहे. सूत्रकारांचे उत्तर प्राण्यांच्या कर्माकडे बोट दाखवते. ते उत्तर पटो वा न पटो, प्रश्न विचारण्याचे धाडस त्या परंपरेत होते आणि त्यासाठी तिने जो शब्द निवडला तोच आज गुन्हेगारीच्या बातमीत वापरला जातो.

नृशंस आणि त्याचा विरुद्धार्थी शब्द

नृशंस म्हणजे माणसांची हिंसा करणारा. मराठीत तो फारसा बोलला जात नाही, हत्याकांडाच्या वर्णनात तेवढा दिसतो. परंतु त्याला नकार देऊन बनलेला ‘आनृशंस्य’ हा शब्द महाभारतातल्या सर्वांत थोर शब्दांपैकी एक आहे.

वनपर्वातल्या यक्षप्रश्नात श्रेष्ठ धर्म कोणता, असे यक्ष विचारतो आणि युधिष्ठिर आनृशंस्य असे उत्तर देतो. पुढे चौघा मृत भावांपैकी एकालाच जिवंत करता येईल असे यक्ष सांगतो. भीमाचे बळ आणि अर्जुनाचे धनुष्य बाजूला ठेवून युधिष्ठिर नकुलाचे नाव घेतो. कुंतीचा एक मुलगा म्हणून मी जिवंत आहे, मग माद्रीचाही एक मुलगा जगला पाहिजे, हे त्याचे कारण. हीच त्याच्या मनातली आनृशंस्याची कल्पना. युद्ध समोर दिसत असताना, स्वतःचे नुकसान पत्करून, सावत्र आईच्या बाजूनेही विचार करणे. यक्ष प्रसन्न होऊन चौघांनाही उठवतो.

अहिंसा या शब्दाच्या मानाने आनृशंस्य मागे पडला, याची खंत वाटते. अहिंसा पूर्णपणे पाळणे राजाला, सैनिकाला, शेतकऱ्याला अवघड जाते. ज्ञानेश्वरांनीही ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेवर विस्ताराने लिहिताना, यज्ञात आणि वैद्यकात अहिंसेच्या नावाखालीही हिंसा कशी घडते हे दाखवून दिले आहे. आनृशंस्याची मागणी प्रत्येकाच्या आवाक्यातली आहे. बळ वापरावे लागले तरी क्रूर होऊ नका, एवढे ती सांगते. पोलीस, न्यायाधीश, शिक्षक, आईबाप, ज्यांच्या ज्यांच्या हातात दुसऱ्यावर बळ वापरण्याचा अधिकार आहे, त्या सगळ्यांना आज हा शब्द हवा आहे.

पशू, राक्षस आणि असुर यांच्या माथी

पाशवी, राक्षसी, आसुरी, अमानुष, सैतानी. हे सगळे शब्द क्रौर्याला माणसाच्या कुंपणाबाहेर नेऊन ठेवतात. ‘हे माणसाचे काम नव्हे’ असे म्हटल्यावर मनाला थोडा दिलासा मिळतो, म्हणून भीषण बातमीत हेच शब्द आधी सुचतात.

त्यांचा इतिहास पाहिला तर हा आरोप टिकत नाही. वैदिक भाषेत पशू म्हणजे मुख्यतः पाळलेले जनावर, गाय, बैल, घोडा, मेंढी, बकरी. यज्ञात ज्याचा बळी दिला जाई तो पशू. ज्याने सुरी पाहिली त्याच्या नावावर सुरी चालवणाऱ्याचा दोष गेला. वाघ भुकेसाठी शिकार करतो, आपल्या भक्ष्याचा अपमान करण्यासाठी त्याला जिवंत ठेवत नाही. असुर हा शब्द ऋग्वेदात वरुणासारख्या देवांसाठी आदराने वापरला आहे, वाईट अर्थ त्याला नंतर मिळाला. अमानुष या शब्दाचा संस्कृतात ‘मानवापलीकडचा, दिव्य’ असाही अर्थ होतो.

मराठीत ‘गुरासारखे मारणे’, ‘ढोरासारखे राबवणे’ असे वाक्प्रचार आहेत. ‘पाशवी’ म्हणताना भाषा जनावराला दोषी ठरवते आणि ‘गुरासारखे मारले’ म्हणताना माणूस जनावराला कसा वागवतो हे ती कबूल करते. दुसरा प्रयोग अधिक प्रामाणिक आहे. राजकारणातले ‘पाशवी बहुमत’ तर निव्वळ संख्याबळाचा अर्थ देते, त्यात जनावराचा काहीच संबंध नाही.

माणसांच्या बाबतीत हीच चूक अधिक गंभीर होते. कसाई, खाटीक हे व्यवसायांचे आणि समाजांचे शब्द क्रूर माणसासाठी शिवीसारखे वापरले जातात. पोटासाठी काम करणाऱ्या माणसांवर स्वभावाचा शिक्का मारण्याचा अधिकार कोणाला नाही. लिहिणाऱ्यांनी हे प्रयोग सोडून द्यावेत, भाषेचे त्यात काहीही नुकसान नाही.

फारसी-अरबी वाटेने आलेले शब्द

मध्ययुगातल्या राज्यकारभाराने मराठीला सत्तेच्या क्रौर्याचे शब्द दिले. त्यांत पहिला मान जुलूम या शब्दाचा. अरबी कोशकार ‘जुल्म’ची व्याख्या ‘वस्तू तिच्या योग्य जागी न ठेवणे’ अशी करतात. म्हणजे या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द दया नसून न्याय आहे. जुलमी राजा प्रेमळ असू शकेल, पण ज्याचे त्याला देत नाही म्हणून तो जुलमी. मराठीत जुलूम-जबरदस्ती ही जोडी याच अर्थाने चालते आणि मनाविरुद्ध करावा लागणारा शिष्टाचार ‘जुलमाचा रामराम’ होतो.

याच मुळाचा जालीम हा शब्द अरबीत अत्याचारी माणसासाठी आहे. मराठीत तो औषधाला लागला. जालीम औषध, जालीम उपाय, जालीम विष. तीव्रता तेवढी राहिली, निंदा गळून पडली.

जल्लाद हा मुळात फटके मारणारा. ‘जिल्द’ म्हणजे कातडी. पुस्तकाच्या चामडी बांधणीमुळे जिल्द हा शब्द ग्रंथाच्या खंडासाठी रूढ झाला. त्याच धातूतून कातडीवर फटके ओढणारा जल्लाद निघाला. बेरहम या शब्दातला रहम ज्या धातूतून आला, त्याच धातूतून अरबीत गर्भाशयाचे नावही आले आहे. मातृत्वाशी जोडलेली माया नसलेला तो बेरहम.

‘हाल’ या अरबी शब्दाचा अर्थ नुसता ‘स्थिती’. मराठीत तो अनेकवचनात आला आणि दुःखाने भरून गेला. हाल होणे, हालअपेष्टा, हालहाल करून मारणे. हिंदीत एखाद्याचा हाल विचारला तर ती चौकशी असते, मराठीत कोणाचे हाल सांगितले तर ती व्यथा असते.

सोसणाऱ्याचे शब्द

आतापर्यंतचे बहुतेक शब्द क्रूर माणसाच्या मनाचे वर्णन करतात. मराठीची खरी श्रीमंती सोसणाऱ्याच्या बाजूने घडलेल्या शब्दांत आहे. ते पंडितांच्या कोशातून आलेले नाहीत. जात्यावर, शेतात, ओझ्याखाली ते घडले.

दोरी अंगाला घासते तेव्हा ती काचते. घट्ट बांधलेले वस्त्र जाचते. त्यावरून काच आणि जाच. घरातल्या माणसाचा जाच एका फटक्यात मारत नाही, रोज त्याच जागी घासत राहतो आणि तिथली कातडी सोलते. सरकारी परिपत्रकातल्या जाचक अटी हा प्रयोग याच अनुभवातून आला. गांजणे म्हणजे सतत त्रास देऊन जीव नकोसा करणे. तुकोबांमुळे रंजलेगांजले हा शब्द घरोघरी पोचला. पाप कशाला म्हणावे याचे उत्तर देतानाही तुकोबांनी परपीडा एवढाच शब्द पुढे केला आहे.

छळ या शब्दाने संस्कृतातून मराठीत येताना अर्थ बदलला. संस्कृतात ‘छल’ म्हणजे कपट. न्यायशास्त्राच्या सोळा पदार्थांत छल आहे, समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम वेगळा अर्थ काढून त्याला कोंडीत पकडणे हा त्याचा अर्थ. मराठीत छळ म्हणजे सातत्याने दिलेला त्रास. तरी जुना अर्थ पूर्ण गेलेला नाही, छळ करणारा बहुधा कपटीही असतो. नाझी जर्मनीच्या बंदिवासांसाठी मराठीने छळछावणी हा शब्द घडवला, त्यात दोन्ही अर्थ खरे ठरतात. आउशवित्झमध्ये माणसांना अंघोळीला नेत आहोत असे सांगून विषारी वायूच्या खोल्यांत नेले जात होते. त्या एका छावणीत सुमारे 11 लाख माणसे मारली गेली.

सासुरवास या शब्दात काही वाईट नाही. सासरी राहणे, एवढाच त्याचा शब्दशः अर्थ. माहेरवास हा त्याचा जोडीदार. पण पिढ्यान्‌पिढ्या सुनांनी जे सोसले त्यामुळे सासुरवास म्हणजेच छळ हा अर्थ पक्का झाला. नव्या सुनेच्या राहण्याला आणि तिच्या यातनेला एकच शब्द पुरावा, यापेक्षा मोठी सामाजिक साक्ष दुसरी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून चालवलेल्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. सासरचा जाच हा त्यातला एक मोठा विषय आहे. ज्या बायकांना तक्रार लिहिता येत नव्हती, त्यांनी ती दळताना नोंदवून ठेवली.

वेठ हा संस्कृत ‘विष्टि’चा वंशज, म्हणजे मोबदला न देता करवून घेतलेले काम. इसवी सन 150 च्या सुमाराच्या गिरनारच्या शिलालेखात सुदर्शन तलावाचा बांध दुरुस्त करताना प्रजेला कर आणि विष्टि यांनी पिडले नाही, असे महाक्षत्रप रुद्रदामन अभिमानाने सांगतो. ते अभिमानाने सांगावे लागले, यावरून एरवी काय चालत असे ते कळते. आपल्या राज्यघटनेच्या कलम 23 ने वेठबिगारीला बंदी घातली. भाषेत ‘वेठीस धरणे’ अजून जिवंत आहे. पिळवणूक, मुस्कटदाबी, दडपशाही, झोटिंगशाही हे शब्द त्याच घराण्यातले. आणि ज्याला ओरडण्याचीही मुभा नाही त्याच्यासाठी मराठीत ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ अशी म्हण आहे.

विशेषणाशिवाय लिहिलेले क्रौर्य

1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती फुले दांपत्याच्या शाळेतली विद्यार्थिनी. पेशवाईत तालीमखान्यावरून अस्पृश्य माणूस गेला तर त्याचे शिर कापून चेंडूसारखे खेळत, इमारतीच्या पायात माणसांना शेंदूर आणि तेल पाजून पुरत, असे ती लिहिते. निबंधाची ताकद विशेषणांत नाही. काय केले, कोणाला केले, कोणी केले हे ती सांगते आणि वाचकाला उत्तर द्यायला लावते. क्रौर्याविषयी मराठीत कसे लिहावे याचा हा धडा आहे.

कायद्यातले क्रौर्य

कायद्याला भावनेवर भागत नाही, त्याला व्याख्या लागते. 1983 साली भारतीय दंड संहितेत कलम 498-अ आले. पतीने किंवा त्याच्या नातेवाइकांनी विवाहितेला क्रूरपणे वागवणे हा गुन्हा ठरला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम 85 आणि 86 मध्ये आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड ही शिक्षा. स्त्रीला आत्महत्येकडे ढकलेल किंवा तिच्या जिवाला, शरीराला अथवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा करेल असे हेतुपुरस्सर वर्तन, तसेच पैसा किंवा मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठी केलेला छळ, असे क्रूरतेचे दोन भाग तिथे सांगितले आहेत. मनाची इजा शरीराच्या इजेच्या बरोबरीने धरली आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे प्रकार वेगळे केले. घटस्फोटाच्या संदर्भात मानसिक क्रूरतेची पूर्ण व्याख्या करता येणार नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली तिची उदाहरणादाखल यादी दिली.

‘अत्याचार’ म्हणजे मर्यादा ओलांडलेले वर्तन. अनुसूचित जाती आणि जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा. खेड्यापाड्यांत तो ‘अॅट्रॉसिटी’ या नावानेच ओळखला जातो. यातही ‘क्रूर’ एवढ्यावर न थांबता जातीवरून अपमान करणे, जमीन बळकावणे, पाणवठा वापरू न देणे अशी कृत्ये एकेक करून नोंदवली आहेत. मुक्ताने जे केले तेच कायद्याने केले.

मुक्या जनावरांसाठीचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा आहे. बेदम मारणे, ताकदीबाहेर ओझे लादणे, उपाशी ठेवणे अशी कृत्ये त्यातही सांगितली आहेत, मात्र पहिल्या गुन्ह्याला त्यात ठेवलेला दंड 10 ते 50 रुपये एवढाच आहे. व्याख्या नेमकी असूनही शिक्षा नाममात्र असली की शब्दाला किंमत राहत नाही.

कोणता शब्द कुठे

एवढ्या शब्दांतून निवड कशी करावी? इजा करण्याची इच्छा दिसत असेल तर क्रूर. दया येण्याजोगे समोर असूनही ती आली नसेल तर निर्दय. मायेच्या माणसाने पाठ फिरवली तर निष्ठुर. शिस्तीसाठी, मर्यादेत राहून कडकपणा असेल तर कठोर. सत्तेने हक्क हिरावला तर जुलूम. रोजचा, घासणारा त्रास असेल तर जाच. ठरवून, सातत्याने दिलेला त्रास असेल तर छळ. माणसाच्या श्रमावर दुसरा पोसला जात असेल तर पिळवणूक.

उलट्या बाजूचे शब्दही विसरू नयेत. अनुकंपा म्हणजे दुसऱ्याच्या कंपाने आपणही कापणे. कळ ही स्वतःची असते, कळवळा दुसऱ्यासाठी येतो. कनवाळू, मायाळू, दयाळू हे शब्द भाबडेपणाचे समजून मागे टाकले तर क्रौर्य ओळखण्याची आपली नजरही मंद होईल.

बातमीदार, शिक्षक, पोलीस, वकील आणि घरातली वडीलधारी माणसे, सर्वांना एक विनंती आहे. एखादी सून ‘थोडा जाच आहे’ म्हणाली, एखादे मूल ‘सर मारतात’ म्हणाले, एखादा मजूर ‘मालक वेठीला धरतो’ म्हणाला, तर तो शब्द जशाच्या तसा ऐका आणि काय घडले ते विचारा. ‘घरगुती वाद’, ‘शिस्त’, ‘समजूत’ असे मवाळ शब्द त्यावर पांघरू नका. मदतीसाठी महिलांना 181, मुलांना 1098 आणि तातडीच्या प्रसंगी कोणालाही 112 हे क्रमांक उपलब्ध आहेत. ते आपल्या आसपासच्या माणसांना सांगून ठेवा.